बदललेल्या झडपेची राखण



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. आम्ही पंडित नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली, आणि पुढचे शिक्षण सूतगिरणीच्या दारात, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. गेली तीस वर्षे आम्ही कामगारांच्या संघटनेचे काम करीत आहोत. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा त्यांची कल्पना अशी की आम्ही बोनस किंवा ठेकेदारी यावर बोलणार. आम्ही सांगितले, "हृदयाच्या झडपेवर बोलू." ते जरा चमकले. आपणही चमकला असाल. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्या अंगावर आला. तो कसा आला हे पुढे सांगूच. आधी झडप म्हणजे काय ते समजून घेऊ.

विहिरीवर ज्याने पंप बसविला आहे त्याला फूटव्हॉल ठाऊक असतो. पाणी वर जाऊ द्यायचे आणि परत खाली येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. त्यात काडीकचरा अडकला की तो नीट मिटत नाही, पाणी उतरते, आणि पंप नुसता घरघरत राहतो. आपल्या हृदयात असे चार फूटव्हॉल आहेत. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा, दिवसाला लाखभर वेळा ते उघडतात आणि मिटतात. ना सुट्टी, ना पाळीबदल. आमच्या सगळ्या चळवळीत इतका इमानी कामगार आम्ही पाहिलेला नाही.

बहुतेक माणसे हे चारही फूटव्हॉल धड घेऊन जन्माला येतात. परंतु जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे आठांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. कुणाच्या पडद्यात छिद्र, कुणाची एखादी झडप अरुंद, तर कुणात हे सारेच एकत्र. फालो नावाच्या फ्रेंच वैद्याने १८८८ साली अशा चार दोषांच्या जुळणीचे वर्णन केले, आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. अशा मुलाचे ओठ आणि नखे निळसर दिसतात. खेळता खेळता ते उकिडवे बसते, कारण तसे बसल्याने त्याला जरा बरे वाटते. पूर्वी आपल्याकडे म्हणत, "पोर नाजूक आहे, फार दिवसांचे नाही." आणि बहुधा तसेच घडे.

हे चित्र कुणी बदलले? १९४४ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, एका निळ्या पडलेल्या बाळावर पहिली शस्त्रक्रिया झाली. हेलन टॉसिग या डॉक्टरबाईंची कल्पना आणि आल्फ्रेड ब्लेलॉक या सर्जनांचा हात, असे पुस्तकात लिहिलेले असते. परंतु त्या दिवशी ब्लेलॉक यांच्या मागे एका पायरीवर उभा राहून, टाका कुठे आणि कसा घालायचा हे एक तिसराच माणूस सांगत होता. त्याचे नाव व्हिव्हियन थॉमस. तो कृष्णवर्णीय. सुतारकाम शिकलेला. मंदीत कॉलेजचा बेत लांबला, म्हणून प्रयोगशाळेत नोकरीला लागला, आणि पुढे कॉलेजसाठी साठविलेले पैसेही बुडाले. कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया शेकडो वेळा करून ती बसविली त्याने, आणि पगारपत्रकावर त्याचा हुद्दा कितीतरी काळ झाडूवाल्याचा होता. विद्यापीठाने त्याला मानाची डॉक्टर पदवी दिली ती १९७६ साली. आम्ही हे सांगतो ते आमच्या बाजूचा माणूस म्हणून थोडे अभिमानाने सांगतो, हे कबूल करतो.

पुढे १९५४ साली मिनेसोटात लिलेहाय या सर्जनांनी फालोचा दोष हृदय उघडून दुरुस्त केला. १९६० साली ओरेगॉनमध्ये आल्बर्ट स्टार या तरुण सर्जनाने आणि लोवेल एडवर्ड्स या निवृत्त इंजिनियराने मिळून पिंजऱ्यात गोळी अशी कृत्रिम झडप तयार केली आणि ती माणसाच्या हृदयात बसविली. एडवर्ड्स यांचे आयुष्य पंप आणि द्रवांचा दाब यांच्या कामात गेलेले. म्हणजे हृदयाच्या मदतीला अखेर पंपवालाच आला! आपल्या देशातही तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉक्टर वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. आधीचे नमुने फसले. तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि डिसेंबर १९९० मध्ये चित्रा झडप पहिल्यांदा एका रुग्णाला बसविली गेली. परदेशी झडपेच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त पडली. अपयशाची लाज न बाळगता केलेल्या कामाचे ते फळ होय.

आता कुणी म्हणेल, जन्मदोष लहानपणी दुरुस्त झाला, मग झडप बदलण्याचा प्रश्न कुठून आला? तो येतो तो असा. फालोच्या मुलात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. ती रुंद करताना तिथली झडप पुष्कळदा कामातून जाते. मूल वाचते, वाढते, शाळेत जाते. परंतु त्या वाटेने रक्त पुढे जाऊन पुन्हा मागे येत राहते. दहा-वीस वर्षांनी उजवा कप्पा फुगू लागतो. मग विशी-पंचविशीत तिथे नवी झडप बसवावी लागते. ती धातूची असेल, गाईगुरांच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेली असेल, किंवा मृत्यूनंतर कुणी दान दिलेली माणसाची असेल. २००० साली पॅरिसमध्ये बोनहोफर या डॉक्टरांनी छाती न उघडता, शिरेच्या वाटेने नळी नेऊन, एका बारा वर्षांच्या मुलाला अशी झडप बसविली. तेव्हापासून हीही वाट खुली झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साठीच्या माणसाला झडप बसविली तर ती त्याला पंधरा-वीस वर्षे पुरली की काम झाले. विशीच्या पोराला तिच्यासह पन्नास वर्षे काढायची असतात. त्यात ती एकदा-दोनदा बदलावीही लागते. आणि त्या सगळ्या वर्षांत एक धोका त्याच्या सोबत चालतो. तो म्हणजे झडपेवर जंतूंची वस्ती होण्याचा.

आपल्या सर्वांच्या रक्तात जंतू अधूनमधून शिरतच असतात. दात घासताना हिरडीतून रक्त आले, जंतू शिरले. बोट कापले, गळू फुटले, जंतू शिरले. निरोगी माणसाच्या रक्तातले शिपाई त्यांचा काही मिनिटांत बंदोबस्त करतात. परंतु बसविलेली झडप ही परकी वस्तू. जिवंत ऊतीला रक्ताचा पुरवठा असतो, तसा तिला नाही. तिच्या शिवणीवर, कडेकपारीत रक्ताच्या गाठीचा बारीक थर धरतो, आणि जंतू त्यात घुसून स्वतःभोवती चिकट कोट बांधतात. त्या कोटाच्या आत शिपाई पोचत नाहीत, औषधही कष्टाने पोचते. मग तिथे फुलकोबीसारखे कोंब वाढतात. त्यांचे तुकडे सुटून रक्ताबरोबर वाहत जातात. डाव्या बाजूच्या झडपेवरचे मेंदूत जातात आणि अर्धांगवायू होतो. उजव्या बाजूचे फुप्फुसात जातात, आणि लोकांना वाटते न्यूमोनिया झाला किंवा क्षय झाला.

विल्यम ऑस्लर या थोर वैद्याने १८८५ साली लंडनमध्ये या रोगावर व्याख्याने दिली. त्या काळी हा रोग झाला की माणूस जात असे, दुसरी गोष्ट नव्हती. पेनिसिलिन आल्यावर तो बरा होऊ लागला. तरीसुद्धा बसविलेल्या झडपेवर जंतू बसले तर आजही पाच रुग्णांत एक, कधी चारांत एक, रुग्णालयातच दगावतो.

मग हा धोका किती जणांना? बसविलेल्या झडपांचा सर्वसाधारण हिशेब असा की दरसाल शंभरात एकाला किंवा त्याहूनही कमी. पहिल्या वर्षात तो अधिक असतो. गुरांच्या मानेच्या शिरेपासून केलेल्या झडपा फुप्फुसाच्या वाटेत बसवितात, त्यांत तो दरसाल शंभरात दोन-तीनांपर्यंत गेलेला आढळला आहे. आपण म्हणाल, शंभरात एक म्हणजे काहीच नाही. आम्ही कारखान्यातले अपघात मोजणारी माणसे आहोत. आम्हाला ठाऊक आहे की दरसालचा एक हा आकडा पन्नास वर्षे चालला की तो एक राहत नाही.

इतके झाल्यावर आता आमची गोष्ट.

आमच्या संघटनेतल्या एका सूतगिरणी कामगाराचा मुलगा जन्मतः असाच होता. सहाव्या वर्षी त्याची शस्त्रक्रिया झाली. बाविसाव्या वर्षी झडप बदलली. काही भाग सरकारी योजनेतून मिळाला, काही भाग आम्ही गिरणीच्या गेटवर डबा फिरवून जमविला. पोरगा बरा झाला. वर्षभराने त्याला एका फौंड्रीत ठेकेदारामार्फत काम मिळू लागले. मालाच्या तपासणीचे, बसून करण्याचे काम. तो फॉर्म घेऊन आमच्याकडे आला. त्यात एक प्रश्न होता, मोठे ऑपरेशन झाले आहे काय?

"अण्णा, इथं काय लिहू?" त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, "नाही असं लिही. खरं लिहिलंस तर ठेकेदार दारातच उभं करणार नाही."

मंडळी, हा सल्ला आमचा. आम्ही तो शहाणपणाने दिला असे आम्हाला वाटत होते. ठेकेदार कसे असतात हे आम्हाला ठाऊक होते, आणि त्या बाबतीत आमचे काही चुकलेही नव्हते. चूक दुसरीकडे झाली. एकदा 'नाही' लिहिल्यावर त्या पोराला ते 'नाही' सगळीकडे सांभाळावे लागले. सोबत्यांना सांगायचे नाही, मुकादमाला सांगायचे नाही. कामगार विम्याच्या दवाखान्यात जायचे नाही, कारण तिथे नोंद होईल आणि ती कारखान्यात पोचेल असे त्याला वाटे. सहा महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे तपासणीला जायचे, तेही बंद झाले. कारण प्रत्येक वेळी खाडा पडे, आणि खाड्याचे कारण सांगता येत नसे. दाढ किडली होती. ती दुखली की तो लवंग धरी.

दोन वर्षांनी त्याला ताप येऊ लागला. फार नाही; संध्याकाळी अंग कोमट, रात्री घाम, सकाळी कामावर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला. गोळ्या संपल्या, ताप आला. पुन्हा गोळ्या. असे तीनदा झाले. त्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. छातीवरची खूण त्यांनी पाहिली नाही, कारण पोराने सदरा काढलाच नाही. साडेपाच आठवड्यांनी त्याची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "अण्णा, पोराची चड्डी कमरेवर राहत नाही हो." इतका तो खंगला होता.

मोठ्या रुग्णालयात नेल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "अँटिबायोटिक किती दिली?" तेव्हा आम्हाला कळले की त्या गोळ्यांनी दुहेरी घात केला होता. रोग मोडण्याइतके बळ त्यांच्यात नव्हते. परंतु रक्तात जंतू सापडू नयेत इतके मात्र होते. अशा रुग्णाला ताप आला तर औषधाच्या आधी रक्त घ्यावे लागते, तेही निरनिराळ्या ठिकाणी टोचून तीन वेळा, आणि ते जंतू वाढविण्यासाठी ठेवावे लागते. जंतू कोणता हे कळले तर त्याचे नेमके औषध देता येते. न कळले तर अंधारात गोळीबार. आमच्या पोराच्या बाबतीत औषधे थांबवून पुन्हा पुन्हा रक्त घेतले तेव्हा कुठे जंतू सापडला. तो तोंडात राहणाऱ्यांपैकी होता. किडलेल्या दाढेकडे बोट दाखविण्यास तेवढे पुरे झाले.

सहा आठवडे शिरेतून औषध चालले. तेवढ्याने भागले नाही. झडप पोखरली होती. ती काढून दुसरी बसवावी लागली. पोरगा वाचला. आज तो आहे, या सभेत बसलेला नसला तरी याच गावात आहे. परंतु फौंड्रीतले काम गेले, बापाचा फंड गेला, आणि पुढच्या झडपेचा दिवस दहा वर्षे अलीकडे आला.

त्या सहा आठवड्यांत आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर पुष्कळ बसलो, आणि जे कळले नव्हते ते विचारून घेतले. त्यातले जे सर्वांच्या कामाचे आहे ते आता सांगतो.

पहिले, दात. ज्याच्या हृदयात बसविलेली झडप आहे, त्याचा दातांचा डॉक्टर हा हृदयाच्या डॉक्टराइतकाच महत्त्वाचा. सकाळ-रात्र दात घासावे, दर सहा महिन्यांनी दाखवावे. मिशरी आणि तंबाखू हिरड्यांचा सत्यानाश करतात, त्या सोडाव्या. झडप बसविण्याआधीच तोंडातली किडकी मंडळी निकालात काढावी.

दुसरे, दात काढण्यापूर्वीचे औषध. १९५५ पासून अमेरिकेच्या हृदयसंस्थेने असे औषध पुष्कळ रुग्णांना सांगितले होते. २००७ साली तिने ते मोजक्याच लोकांपुरते ठेवले. कारण पटण्यासारखे आहे: दाढ आयुष्यात एकदा काढली जाते, घास रोज चावला जातो, तेव्हा एका दिवसाच्या गोळीपेक्षा रोजची स्वच्छता मोठी. परंतु ते मोजके लोक कोण? ज्यांना झडप बसविली आहे ते, आणि ज्यांना हा रोग एकदा होऊन गेला आहे ते, या यादीत आहेतच. म्हणून अशांनी दात काढण्यापूर्वी किंवा हिरडीला हात लावण्यापूर्वी दंतवैद्यास झडपेची गोष्ट सांगावी. ते औषध कामाच्या अर्धा ते एक तास आधी एकदाच घ्यायचे असते. आपल्या मनाने घ्यायचे नसते आणि आठवडाभरही घ्यायचे नसते.

तिसरे, कातडी. गळू, चिघळलेली जखम, पायाची भेग, यांची हयगय करू नये. गोंदवून घेणे आणि हौसेने नाक-भुवया टोचणे टाळावे.

चौथे आणि सर्वांत मोठे, ताप. कारण न समजता ताप दोन-चार दिवस टिकला, घाम, अशक्तपणा, वजन घटणे यांपैकी काही दिसले, तर पहिले वाक्य हे बोलावे: "माझ्या हृदयात बसविलेली झडप आहे." औषध मागू नये, आधी रक्ताची तपासणी मागावी. आपल्याकडे पावसाळ्यात हिवताप, डेंगी, टायफॉइड यांची रीघ असते, म्हणून तापाचे कुणाला काही वाटत नाही. झडपवाल्याला मात्र वाटले पाहिजे. खिशात एक चिठ्ठी ठेवावी: झडप कोणती, कधी बसविली, औषधे कोणती, डॉक्टरांचा फोन कोणता.

हे चारही नियम रुग्णाने पाळायचे. परंतु केवळ रुग्णास उपदेश करून आम्ही खाली बसलो तर तीस वर्षे आम्ही फुकट घालविली असे होईल. आमच्या पोराला हे नियम ठाऊक नव्हते असे नाही. रुग्णालयातून निघताना त्याला ते छापून दिलेले होते. त्याच्या पत्र्याच्या पेटीत तो कागद आम्हाला मिळाला. नियम ठाऊक होते. ते पाळण्याची सोय नव्हती. ज्या माणसाला आजार सांगितला की काम जाते, तो आजार सांगत नाही.

कामगार विमा योजना १९५२ साली सुरू झाली. तिच्यात आजारी कामगारास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, आणि काही दीर्घ रोगांना त्याहून अधिक. ही मोठी कमाई आहे, ती आयती मिळालेली नाही. परंतु भत्ता आजारी कामगाराचा. कामगाराचे मूल सहा आठवडे रुग्णालयात असेल, तर त्याच्या उशाशी बसणाऱ्या बापाचा खाडा तो खाडाच. मुलांचे जन्मदोष व इतर विकार लवकर शोधण्यासाठी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम निघाला, त्याचा आरंभ आपल्याच पालघरला झाला. त्यातून पुष्कळ मुलांचे दोष लवकर सापडू लागले. छान झाले. परंतु सापडलेले, दुरुस्त झालेले ते मूल पुढे मोठे होते, आणि वीस वर्षांनी ठेकेदाराच्या फॉर्मापुढे येऊन उभे राहते. तिथे त्याचा हात कोण धरणार?

आम्ही आमच्या संघटनेत दोन गोष्टी केल्या. करारात अशी मागणी घातली की हृदयाच्या ठरलेल्या तपासणीचा दिवस पगारी धरावा, आणि शस्त्रक्रिया लपविली नाही म्हणून कुणाला काढता येऊ नये. दोन कारखान्यांत मान्य झाली, बाकी ठिकाणी भांडण चालू आहे. दुसरी गोष्ट अगदी साधी. युनियनच्या कचेरीत फॉर्म भरायला कुणी आले, तर त्या प्रश्नासमोर 'नाही' लिहा असे आम्ही आता सांगत नाही. 'होय' लिहा असे सांगतो, आणि त्या माणसाबरोबर गेटपर्यंत स्वतः जातो. त्याने एक-दोघांचे काम हुकले, हेही लपवीत नाही. त्यांच्यासाठी दुसरे काम शोधणे हे मग आमच्या माथी येते, आणि ते आलेच पाहिजे.

आपण सारे कारखानदार, शिक्षक, दुकानदार, डॉक्टर, गृहिणी अशी मंडळी इथे बसला आहात. आपल्या हाताखाली, वर्गात, शेजारी असा एखादा छातीवर उभी खूण असलेला मुलगा किंवा मुलगी असेल. त्याला काम करता येते, लग्न करता येते, संसार करता येतो. त्याला दया नको आहे. त्याला एवढेच हवे आहे की, "मला तीन दिवस ताप आहे, मला रक्त तपासायला जायचे आहे," असे तो मोकळेपणी म्हणू शकेल, आणि ऐकणारा म्हणेल, "जा, उद्या नको, आत्ताच जा."

डॉक्टरांनी झडप बसविली. तिची राखण एकट्या डॉक्टरांच्याने होणारी नाही. ती आपण सर्वांनी करावयाची आहे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.